घोडा पहिल्यांदाच सांभाळताय? मग आधी हे वाचा

माझी घोडी येऊन चार महिने झाले होते आणि एका रात्री तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी पहिल्यांदा चार गोष्टी विचारल्या: नाडी किती आहे, शेवटची लीद कधी टाकली, हिरड्या कशा दिसतायत, दिवसभरात पाणी किती प्यायली. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. खरारा रोज करत होते, चंदी वेळेवर देत होते, जीव तर इतका लावला होता की विचारू नका, पण ती धडधाकट असताना कशी असते हे मी कधी मोजून पाहिलंच नव्हतं. त्या रात्रीचं शेवटी सविस्तर सांगते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतेय.

१. घोडा यायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी दोन माणसं शोधा, घोड्यांची माहिती असलेला जनावरांचा डॉक्टर आणि चांगला नालबंद. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी घोड्याच्या पोटाचं काम वेगळं असतं. डॉक्टर रात्री येतात का, यायला किती वेळ लागतो आणि ते नसतील तर कोणाला बोलवायचं, हे घोडा दारात यायच्या आधी विचारून ठेवा.

घोडा विकत घेत असाल तर आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या डॉक्टरांकडून नको. चालवून, पळवून, डोळे, दात, खूर, हृदय सगळं बघून घ्यायचं. सोबत हे कागद मागा:

- मालकीचा आणि खरेदीचा कागद, त्यात रंग, खुणा, उंची, वय लिहिलेलं
- लसीकरणाची नोंद, विशेषतः धनुर्वाताची
- जंताचं औषध शेवटचं कधी आणि कोणतं दिलं
- आधीच्या आजारांची आणि लंगडण्याची माहिती
- मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर

आणि एक गोष्ट जी कोणी मागत नाही पण मागाच, ती म्हणजे सध्या तो काय खातो, किती खातो, किती वाजता खातो. जमलं तर आठवड्याभराचं तेच गवत सोबत आणा, कारण कळेल तिसऱ्या मुद्द्यात.

सामान फार लागत नाही. म्होरकी म्हणजे हॉल्टर, सुती जाड दोर, खूर साफ करायचं आकडं, रबरी खरारा, एक कडक आणि एक मऊ ब्रश, दोन स्पंज, दोन मोठ्या बादल्या, वजनकाटा, मोजपट्टी, थर्मामीटर, आणि प्रथमोपचाराच्या डब्यात कापूस, बँडेज, सलाइन, जंतुनाशक. खोगीर-लगामाची घाई करू नका, ते त्या घोड्याच्या पाठीला आणि तोंडाला बघूनच घ्यावं लागतं.

२. जवळ कसं जायचं

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त बरोबर कपाळासमोरचा थोडा भाग आणि बरोबर शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून थेट समोरून हात पुढे करत जाऊ नका आणि मागून तर नाहीच. डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत, आरामात जा आणि पहिला हात खांद्यावर ठेवा. मागून पलीकडे जायचंच असेल तर एक तर अगदी अंगाला चिकटून, हात त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून जा, नाहीतर लाथ पोचणार नाही इतकं लांबून जा. मधलं अंतर सगळ्यात धोक्याचं.

दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. हे मी तीनदा लिहायला तयार आहे. घोडा एकदम बुजला आणि उधळला तर बोटं जातात, माणूस फरफटत जातो. दोर जास्त असेल तर घड्या घालून मुठीत धरा. बांधताना एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा, आणि दोर थेट खांबाला न बांधता खांबाला सुतळीची एक कडी बांधून त्या कडीला बांधा म्हणजे घोडा घाबरून मागे रेटला तर सुतळी तुटते, मान वाचते.

कान बघायला शिका. टवकारलेले म्हणजे लक्ष आहे, बाजूला सैल पडलेले म्हणजे आरामात आहे, मागे मानेला चिकटलेले म्हणजे दूर व्हा.

३. खाणं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात

घोडा हा दिवसभर थोडं थोडं चरत चालत राहणारा प्राणी आहे. जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत सुटत असतं, पोटात काही असो वा नसो. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच तयार होते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोनदा भरपेट आणि मधे उपास असं वेळापत्रक लावलं की पोटात व्रण होण्याची सोय आपणच केली. वर घोड्याला उलटी करता येत नाही, जे आत गेलं ते पुढेच जाणार, त्यामुळे चुकीचं काही खाल्लं तर निसटायची वाट नाही.

मुख्य अन्न गवत, बाकी सगळं त्याच्या वरचं. सुक्या गवताचा अंदाज वजनाच्या दीड ते दोन टक्के रोज. वजन कसं काढायचं? मोजपट्टी पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती फिरवा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, आलं किलोमध्ये वजन. समजा घेर १७० आणि लांबी १६०, तर साधारण ३८९ किलो. अशा घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुकं गवत लागतं. हे चार-पाच वेळा विभागून द्या, किंवा बारीक जाळीच्या पिशवीत द्या म्हणजे हळू खातो. चार-सहा तासांपेक्षा जास्त वेळ तोंड रिकामं राहू नये, आणि रात्र ही सगळ्यात लांब असते हे विसरू नका.

चंदी म्हणजे दाणा सगळ्यांना लागतोच असं नाही. हलकं काम करणाऱ्या, पोसलेल्या घोड्याला चांगलं गवत, मीठ आणि खनिजं पुरतात. नवीन लोकांना दाणा देणं म्हणजे लाड वाटतात आणि घोडाही खिंकाळून मागतो, पण जास्त दाण्याने पोटशूळ होतो आणि लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज येते, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, आणि तो बरा झाला तरी खूर पहिल्यासारखा होईलच असं नाही. द्यायचाच असेल तर एका वेळी दीड-दोन किलोच्या वर नको, आणि मापाने नको, वजनाने द्या. एकाच डब्यात आधी ओट्स आणि मग मका भरून तोलून बघा, मका कितीतरी जड भरतो.

काही सापळे असे आहेत की ते माहीत असलेच पाहिजेत:

- खाणं कधीही एका दिवसात बदलू नका. त्याच्या मोठ्या आतड्यात गवत पचवणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांना नवीन अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो. जुन्यात थोडं नवीन मिसळत ७ ते १० दिवस घ्या. नवीन गवताचा लॉट आला तरी हेच.
- गाईचं किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याला अजिबात नाही. त्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गुरांना ते चालतं, घोड्याचं मात्र हृदय त्याने निकामी होतं. गोठा आणि तबेला शेजारी असेल तर पोती वेगवेगळ्या खोलीत ठेवा.
- बुरशीचं, कुबट वासाचं गवत फेकून द्या. पैसे गेले तर जाऊ देत.
- मशीनने कापलेल्या लॉनच्या गवताचा ढीग घालू नका. तो लगेच तापतो, आंबतो, आणि घोडा तो न चावता भराभर गिळतो. शेजारी प्रेमाने कुंपणावरून टाकतात, त्यांना समजावून सांगा.
- कण्हेर आसपास असेल तर काढून टाका. पानं सुकली तरी विषारीच राहतात.
- दाण्याच्या पिंपाला कुलूप. रात्री सुटून पिंप फस्त केलं तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरांना फोन करा.

४. पाणी आणि मीठ

५०० किलोचा घोडा रोज २५ लिटरच्या आसपास पाणी पितो, उन्हाळ्यात किंवा कामाच्या दिवशी याच्या दुप्पटही. पाणी कायम समोर असावं, आणि भांडं रोज घासावं. मी बादल्या वापरते कारण स्वयंचलित भांड्यात किती प्यायलं ते कळत नाही. थंडीत घोडे पाणी कमी पितात आणि सुकं गवत जास्त खातात, तेव्हाच पोट गच्च होतं, म्हणून थोडं कोमट करून द्या.

घामाच्या घोड्याला पाणी द्यायचं नाही असं जुने लोक सांगतात. ते ऐकू नका. काम झाल्यावर चालवत चालवत त्याला पाणी पिऊ द्यावं, अंगावर पाणी ओतून गारही करावं. मिठाचा खडा कायम टांगलेला असू दे.

५. खूर

दिवसातून एकदा तरी चारही खूर उचलून साफ करायचे, आणि स्वारीच्या आधी आणि नंतरही. पायाच्या बाजूला, शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, खांद्यावरून हात हळूहळू खाली नेत घोट्याच्या वर हलकेच दाबायचं, बहुतेक घोडे पाय उचलतात. खाली मांडी घालून किंवा गुडघ्यावर बसायचं नाही, कायम उभं किंवा वाकलेलं, म्हणजे लगेच बाजूला होता येतं.

आकडं टाचेकडून पुढे चालवा. मधे व्ही अक्षरासारखा जो रबरासारखा भाग असतो, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो खरवडायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा साफ करायच्या. तिथून काळं, घाण वासाचं काही निघालं तर ती थ्रश, म्हणजे फ्रॉग सडायला लागलाय, बहुतेक वेळा जमीन ओली राहतेय म्हणून. हात लावून ऊबही बघा, एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर लक्ष ठेवा, आणि तो पाय टेकवत नसेल तर डॉक्टर. तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपटू नका, तो कुठे आणि किती आत गेलाय हे त्यांना बघायचं असतं.

नालबंद दर ६ ते ८ आठवड्यांनी, नाल असो वा नसो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि टोक लांब झालं की पायाच्या मागच्या बाजूच्या कंडरांवर म्हणजे टेंडनवर जास्त ताण येतो. नालबंद गेल्यावरच पुढची तारीख आठवायची नाही, तो समोर असतानाच ठरवून घ्या.

६. खरारा

आधी रबरी खराऱ्याने गोल गोल, मांसल भागावर, म्हणजे चिखल आणि मेलेले केस वर येतात. मग कडक ब्रशने केसांच्या दिशेने झटकायचं, मग मऊ ब्रश. गुडघ्याखाली आणि तोंडावर फक्त मऊ. डोळे-नाकाला एक स्पंज, शेपटीखाली दुसरा, अदलाबदल नाही. शेपूट विंचरताना बाजूला उभं राहून ती हातात आपल्याकडे घ्यायची.

खराऱ्याचा खरा उपयोग चकाकी नाही. तुमचा हात रोज त्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो, त्यात बारीक जखम, गाठ, सुजलेला पाय, बरगड्यांवरचं कमी-जास्त झालेलं मांस सगळं हाताला कळतं. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवल्यावर लागाव्यात, एवढं लक्षात ठेवा. खोगीर काढल्यावर पाठीवर घामामध्ये कोरडे चट्टे दिसले तर तिथे खोगीर दाबतंय.

७. तबेला, मोकळीक, सोबत

खण निदान १२ फूट बाय १२ फूट हवा, म्हणजे आडवं होऊन उठता येतं. घोडे उभ्या उभ्या झोपतात हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्यांना दिवसातून अर्धा-पाऊण तास तरी आडवं व्हावंच लागतं, आणि जागा अडचणीची, ओली किंवा भीतीची असेल तर ते आडवे होतच नाहीत. खाली भुसा किंवा सुकं काड घाला, लीद आणि ओला भाग रोज काढा. हवा चांगली आहे का हे बघायला दार बंद करून खाली बसा, नाक घोड्याच्या झोपेतल्या नाकाच्या उंचीवर न्या. अमोनियाने डोळे चुरचुरले तर त्याचीही फुफ्फुसं रात्रभर तेच ओढतायत. गवत धुळीचं असेल तर भिजवून द्या.

दिवसातले बरेच तास मोकळं सोडा. बांधून ठेवलेल्या घोड्याचं पोटही मंद चालतं आणि डोकंही बिघडतं, लाकूड चावणं, जागच्या जागी झुलत राहणं हे त्यातूनच येतं. आणि एकटा घोडा ठेवू नका. दुसरा घोडा नाही जमला तर गाढव, शेळी, कोणीतरी नजरेसमोर असू दे.

८. लस, जंत, दात

धनुर्वाताची लस चुकवायची नाही, घोडा त्याला फार लवकर बळी पडतो, खुरातल्या छोट्या जखमेतूनही. बाकीच्या लसी तुमच्या भागातले आजार बघून डॉक्टर ठरवतील.

जंताचं औषध दर दोन महिन्यांनी डोळे झाकून देण्याची पद्धत होती, त्याने जंतच औषधाला सरावले. आधी लिदेची तपासणी करून त्यात अंडी किती आहेत ते बघा, मग डॉक्टर सांगतील ते औषध, वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत. चरायच्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचललीत तर बरेचसे जंत तिथेच अडतात असं समजा.

दात वर्षातून एकदा तपासा. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात आणि चावताना झिजतात, पण कडा टोकदार होऊन गालाला लागतात. तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडत असतील तर खोड म्हणून सोडून देऊ नका.

९. आपल्या घोड्याचं नॉर्मल लिहून ठेवा

एक वही करा. पहिले दोन आठवडे रोज, घोडा शांत उभा असताना:

- नाडी: जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोटं ठेवा, दोरीसारखी रक्तवाहिनी लागते. १५ सेकंद मोजून चारने गुणा. मोठ्या घोड्याची विश्रांतीतली २८ ते ४४.
- श्वास: कुशीची हालचाल बघून, मिनिटाला ८ ते १६.
- ताप: गुदद्वारातून, बाजूला उभं राहून, थर्मामीटरला दोरी बांधून. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस.
- हिरड्या: ओलसर, फिकट गुलाबी. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा.
- पोटाचे आवाज: दोन्ही कुशींना कान लावा, गुडगुड ऐकू यायला हवी.
- लीद: दिवसातून किती वेळा, कशी. साधारण ८ ते १२ वेळा.
- पाणी: किती बादल्या.

माझ्या घोडीची नाडी ३२ असते. हा एक आकडा माहीत असता तर त्या रात्री मला कळलं असतं की ५६ म्हणजे काय.

१०. पोटशूळ आणि ती रात्र

जुनं गवत संपलं आणि नवीन आलं, जरा जाडं-भरडं होतं. मी त्याच दिवसापासून सगळं नवीनच घातलं. थंडी पडली होती, बादली अर्धी तशीच राहत होती, ती मी रोज ओतून ताजी भरत होते आणि आपण किती स्वच्छता ठेवतो असं मला वाटत होतं. तिसऱ्या संध्याकाळी तिने चंदी अर्धी ठेवली. दमली असेल म्हणून मी सोडून दिलं. दहा वाजता जाऊन बघितलं तर ती वळून वळून कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती, ओठ वर वळवत होती, आणि खणात दुपारनंतरची लीद नव्हती.

हीच लक्षणं. यापुढे लोळणं, घाम, धापा. घोडा खाणं सोडतो तेव्हा पहिली शंका पोटाची घ्या. आणि मग असं करा:

समोरचं सगळं खाणं काढा. नाडी, हिरड्या, लीद बघून लगेच डॉक्टरांना फोन करा, सकाळपर्यंत वाट बघू नका. ऐकत असेल तर हळूहळू चालवा, पण तासन्‌तास फिरवून दमवू नका. शांत पडून असेल तर पडू दे. जोरात लोळत असेल तर मधे जाऊ नका, त्या पायांखाली माणूस मरतो. दुखण्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याने लक्षणं झाकली जातात आणि ऑपरेशनची गरज आहे की नाही हे डॉक्टरांना कळत नाही. तेल-काढे तोंडात ओतायचे नाहीत, फुफ्फुसात गेले तर दुसरंच संकट. नाडी ६०च्या वर टिकून राहिली तर परिस्थिती गंभीर आहे, गाडीची सोय करून ठेवा.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, हात घालून तपासलं, आतड्यात गच्च गोळा बसला होता. नाकातून जठरापर्यंत नळी घालून पाणी आणि क्षार सोडले. रात्री दोनदा नळी घातली. मी तिची नाडी दर अर्ध्या तासाने मोजायला तिथेच शिकले, ५६, ५२, ५२, ४४. पहाटे साडेपाचला तिने लीद टाकली, कोरडी, चकचकीत आवरण असलेली, मूठभर. डॉक्टर म्हणाले आता दिवसभर गवत नाही, मग संध्याकाळी दोन मुठी भिजवलेलं, आणि उद्यापासून जुनं थोडं मिळतंय का बघा, मिसळत जा. शेजारच्या तबेल्यातून जुन्या गवताचे दोन भारे मागून आणले आणि नवीन गवतावर पूर्ण यायला तिला बारा दिवस लागले.